पुण्याचा कागद

रंगूबाईनं ताट बांधावर ठेवलं, त्यावर परात पालथी घातली आणि दहा पावलं मागं सरून ती बोरीच्या सावलीत उभी राहिली. ती मागं सरल्याशिवाय तिचा नवरा भानुदास खोपटातून बाहेर यायचा नाही, हे आता कावळ्यांच्याही अंगवळणी पडलं होतं. बाई सरली की ते बांधाकडं उड्या मारत यायचे. परातीची युक्ती त्यांच्यासाठीच होती.

भानुदास आला. तोंडाला उपरणं गुंडाळलेलं, सदरा अंगावर नुसता टांगल्यासारखा. परात उचलून त्यानं ताटात पाहिलं. भाकरी, वांग्याची भाजी, आणि कडेला कागदाच्या पुडीत गोळ्या. त्यानं पुडी उचलून बांधावर ठेवली.

"ही ने माघारी."

"अवं, डाक्टर काय म्हनला ते इसारला का? मदीच सोडलं तर फुडं औशीदबी लागू पडत न्हाय म्हनला."

"माझ्यासाठी हायत्या गोळ्या. हरनांना कोन देनार हाय माळावर?"

एवढं बोलून त्याला खोकल्याची ढास लागली. त्यानं पाठ फिरवली आणि तो वाकला. खोकला थांबेस्तोवर रंगूबाई पायाखालची ढेकळं बघत राहिली. ढेकळं ती आधीही बघायची, पण या दोन महिन्यांत तिनं बघितली तेवढी उभ्या जन्मात बघितली नव्हती.  

"आज बारामतीला जाती," ती म्हणाली. "पुन्याचा कागद आला का बघती."

"येऊन काय सांगनार हाय त्यो कागद? डोळ्यांनी बघितलंय म्या."

भानुदास ताट घेऊन खोपटात गेला. जेवण झाल्यावर तो ताट स्वतः राखेनं घासून पुन्हा बांधावर ठेवणार, हे तिला माहीत होतं. पुडी उचलून तिनं कनवटीला लावली आणि ती कळंबच्या फाट्याकडं चालू लागली. वैशाखाचं ऊन सकाळीच डोक्यावर आलं होतं.

सगळं सुरू झालं मागच्या श्रावणात. शेळ्यांच्या मागं गेलेल्या भानुदासला माळावर हरणाचं पाडस सापडलं. आईला कुत्र्यांनी फाडलं होतं. दोन दिवसांचं ते पिल्लू त्यानं सदऱ्यात घालून घरी आणलं. लंगडी नावाच्या त्यांच्या शेळीनं थोडी खळखळ केली आणि मग त्याला पाजलं. नाव पडलं चिंगी. भानुदासला तेव्हाच खोकला लागला होता, पण खोकल्याला कोण विचारतो. तो अंगणात बाजेवर पडला की चिंगी त्याच्या गळ्याखाली तोंड खुपसून बसायची. भाकरी चावून मऊ करून तो आपल्या तोंडातला घास तिला भरवायचा. पोटच्या पोराला, सोमनाथला, त्यानं कधी एवढं मांडीवर घेतलं नव्हतं. लोणी देवकरच्या कारखान्यातून पाळी करून आलेला सोमनाथ ते बघून म्हणायचा, "आबा, पुढच्या जन्मी मीबी हरीणच होतो." आणि तिघंही हसायची.

दिवाळीच्या तोंडावर भानुदासच्या थुंकीत रक्त आलं. बारामतीच्या दवाखान्यात त्याला टीबी निघाला, पंधरा दिवस तिथंच ठेवून घेतलं, आणि आठ महिन्यांच्या गोळ्या लागल्या. गोळ्या त्यानं इमानानं घेतल्या. फाल्गुनापर्यंत अंगावर मूठभर मांसही आलं. मग फाल्गुनात चिंगी मेली.

तेव्हा चिंगी माळावरच राहायची. मार्गशीर्षातच तिला सोडून दिलं होतं, पण सकाळी एकदा बांधापर्यंत यायची. मग ती वाळत गेली, धापा टाकू लागली, आणि एक दिवस ओढ्याच्या काठी पडलेली सापडली. जनावरांच्या डॉक्टरनं निरोप धाडला की हरीण इकडं आणा, उघडून बघायला पाहिजे. आणायचं कुणी, यावर माळावर जमलेली माणसं एकमेकांकडं बघू लागली, आणि एकेकाची नजर सवयीनं बौद्धवस्तीच्या दिशेला गेली. छप्पन्न साली भानुदासचा बाप आबाजी यानं वस्तीबरोबर धम्म घेतला, त्या दिवसापासून त्या घरातल्या कुणी मेलेल्या जनावराला हात लावला नव्हता. त्यापायी मार खाल्ला होता, उपास काढले होते, पण लावला नव्हता. भानुदासनं त्या नजरा बघितल्या. त्यानं चिंगीला उचललं, खांद्यावर घेतलं आणि कुणाशी एक अक्षर न बोलता दोन मैल चालत नेलं. रंगूबाई मागून चालत होती. तिला त्याचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी ऊर फुटून रडावंसंही वाटलं.

लिंबाखाली डॉक्टरनं चिंगीला उघडलं. फुफ्फुसात लहानमोठ्या गाठी होत्या, कापली की आतून घट्ट पिवळा पू निघत होता. डॉक्टर पोरगेलासा होता, भोवती पन्नास माणसं जमली होती, आणि सगळ्यांना उत्तर हवं होतं.

"क्षय दिसतोय," तो म्हणाला आणि पुण्याला तपासायला धाडायचा म्हणून थोडा पू त्यानं बाटलीत भरला.

"हरणाला क्षय? त्यो कुठनं आला?" कुणीतरी विचारलं.

डॉक्टर काही बोलायच्या आत पन्नास माणसांनी भानुदासकडं बघितलं. पुढच्या पंधरवड्यात माळावर आणखी दोन हरणं मेली. वनखात्याचा रखवालदार झुंबर त्यांच्याच वस्तीच्या पलीकडं राहायचा. तो दारात येऊन म्हणाला, "भानुदासराव, कळप जातोय सगळा." त्यानं ते वाईट मनानं म्हटलं नव्हतं. पण भानुदासनं त्याच दुपारी घोंगडी उचलली आणि तो शेतातल्या खोपटात राहायला गेला. गोळ्या त्या दिवशी बंद झाल्या.

सोमनाथनं ओरडून पाहिलं, पाया पडून पाहिलं. माणसाचा जीव हरणाहून स्वस्त आहे का, असं तो बापाला विचारत होता आणि बाप त्याला लांब उभं राहा म्हणत होता. आता पुन्हा थुंकीत रक्त येऊ लागलं होतं. भानुदास ते सांगत नव्हता, पण खोपटामागच्या मातीवर रंगूबाईनं ते बघितलं होतं. पावसाळ्यापर्यंत हा माणूस टिकायचा नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

जनावरांच्या डॉक्टरची बदली आता बारामतीला झाली होती. रंगूबाई पोचली तेव्हा तो एका म्हशीच्या खुरात औषध भरत होता. तिला बघून त्यानं मान खाली घातली नाही, हे तिला बरं वाटलं. एरवी आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या या बाईला बघून तो ओशाळून कपाटात काहीतरी शोधू लागायचा.

"मावशी, बसा. कागद आलाय."

हात धुऊन त्यानं टेबलाच्या खणातून एक इंग्रजी कागद काढला. रंगूबाई बाकड्याच्या कडेला टेकली.

"तो क्षय नाही," डॉक्टर म्हणाला.

"परत म्हना."

"चिंगीला क्षय झाला नव्हता. पुण्याला पू तपासला. क्षयाचा जंतू त्यात नाहीच. दिसायला हुबेहूब क्षयासारखा, पण हा जंतू वेगळा. बाबांच्या खोकल्याचा आणि हरणांचा काही संबंध नाही."

रंगूबाईनं पदराचा बोळा तोंडावर दाबला. दोन महिन्यांचं ओझं एकदम उतरलं की माणसाला हलकं वाटत नाही, भोवळ येते. तिला भोवळ आली. डॉक्टरनं पाण्याचा गडवा पुढं केला.

"मी त्या दिवशी घाई केली," तो म्हणाला. "तपासल्याशिवाय बोलायला नको होतं."

"तुमी एक शबूद बोल्ला सायेब, आन् आमचा मानूस घर सोडून गेला," रंगूबाई म्हणाली. रागवायची ताकद मात्र तिच्यात नव्हती. ती पाणी प्याली. "मग कशानं मेली चिंगी?"

"शेळ्यामेंढ्यांना जबड्याखाली गाठी येतात बघा, पिकतात, फुटतात. तोच रोग. त्या गाठीतला पू उघड्या जखमेला लागला की जंतू आत शिरतो. मेंढ्यांत लोकर कातरताना होतो, कात्री लागते ना. हरणांत सहसा बघायला मिळत नाही. एकीला झाला की तिची गाठ फुटून बाकीच्यांनाही लागतो." डॉक्टरनं कागद खाली ठेवला. "चिंगीला कुठं जखम झाली होती का? कापलं, खरचटलं असं काही?"

रंगूबाईनं गडवा बाकड्यावर ठेवला. तो नीट बसला आहे ना, हे तिनं दोनदा बघितलं.

"माळावरचं जनावर, सायेब. काटंकुटं लागत्यातच."

खरं काय ते तिच्या डोळ्यांसमोर उभं होतं. दिवाळीत भानुदास दवाखान्यात असताना झुंबर येऊन सांगून गेला होता, हरीण घरात ठेवलंत तर केस होईल, सोडून द्या. सोडायचं तर कुणी शिकारी मारील. वस्तीत ज्याच्या-त्याच्या शेळ्यांच्या कानाला ज्याची-त्याची खूण असायची. भानुदासच्या घरची खूण डाव्या कानाला दोन चिरा, आणि आसपासच्या चार गावांत ती ओळखीची होती. चिंगीच्या कानाला ती खूण असली तर तिच्या वाटेला कुणी जाणार नाही, असं रंगूबाईच्या मनानं घेतलं. त्याच सकाळी तिनं भानुदासच्या दाढीच्या पात्यानं लंगडीच्या जबड्याखालची गाठ फोडली होती. पातं लुगड्याला पुसलं आणि चिंगीला मांडीत धरून कान चिरला. चिंगी ओरडली नाही. नुसती बघत राहिली. वर हळदतेल लावलं, तरी कानाखाली सूज आली आणि दहा दिवसांनी उतरली. भानुदास घरी आला तेव्हा चिरा बघून हसला होता. "कुनी पाडली खूण?" "म्या." "वाटलंच. बाई मानसाचा हात!"

जीव वाचावा म्हणून केलेलं काम होतं ते. आणि त्यानंच जीव गेला.

"सायेब," ती म्हणाली, "ह्ये मराठीत लिवून द्या. शिक्का मारून. त्यांचा शिक्क्यावर भरवसा हाय."

डॉक्टरनं अर्ध्या पानावर लिहिलं. लिहिता लिहिता म्हणाला, "आणि शेळ्या माळावर सोडू नका, मावशी. गाठ फुटलेली शेळी माळाला गेली की हरणांना धोका. वस्तीत सगळ्यांना सांगावं लागेल."

"समदं लिवलं का?"

"सगळं लिहिलंय."

एसटीत तिच्या शेजारी कॉलेजची एक मुलगी बसली होती. रंगूबाईला अक्षर येत नव्हतं. तिनं कागद मुलीपुढं धरला, आणि मुलीनं खणखणीत आवाजात वाचून दाखवला. हा क्षयरोग नाही. माणसाच्या खोकल्यातून हा हरणाला होत नाही. शेळ्यांच्या गाठीचा हा रोग असून, गाठीतला पू उघड्या जखमेला लागल्याने होतो.

"जखमंचं कुठल्या वळीत हाय गं बाय?"

"ही शेवटची. शिक्क्याच्या लगेच वर."

रंगूबाईनं त्या ओळीवर अंगठ्याचं नख ठेवलं. तेवढीच फाडावी म्हटलं तर शिक्का जात होता, आणि शिक्क्याशिवायचा कागद भानुदासनं चुलीत घातला असता. ती खिडकीबाहेर बघू लागली. सांगावं तर लागणारच होतं. पन्नास वर्षं शेळ्या राखलेला माणूस, त्याला गाठ म्हटलं की पातं आठवणार आणि पातं म्हटलं की कान. तो ओरडला असता तर तिनं ऐकून घेतलं असतं. पण तो ओरडणारा नव्हता. तो नुसता बघेल, आणि मग उरलेलं आयुष्य बांधाच्या पलीकडूनच बघत राहील, याची तिला भीती होती. हरीण गेल्याचं दुःख तिलाही होतं, पण खरं सांगायचं तर तिला भय वाटत होतं ते त्या नजरेचं. नवऱ्याचा जीव वाचवणारा कागद हातात असून बाई घाबरते, याची तिला लाजही वाटली.

ती शेतावर पोचली तेव्हा उन्हं कलली होती. घासलेलं ताट बांधावर होतं. तिनं कागद ताटात ठेवला, वर ढेकूळ ठेवलं आणि दहा पावलं मागं सरली.

"आला कागद," तिनं हाक दिली. "तुमच्या खोकल्यानं न्हाय मेली चिंगी. टीबी नव्हताच तिला."

 मग भानुदास बाहेर आला. त्यानं कागद उचलला, लांब धरला, जवळ धरला, आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागला. रात्रीच्या शाळेत शिकलेला माणूस, जोडाक्षर आलं की थबकायचा. रंगूबाई त्याचं बोट बघत होती. पहिली ओळ त्यानं दोनदा वाचली. शिक्क्यावरून अंगठा फिरवला. तोंडावरचं उपरणं सैल झालं तरी त्यानं ते सावरलं नाही. मग बोट खाली खाली सरकत गेलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं.



"शेळीची गाठ," भानुदास म्हणाला.

"व्हय."

"दिवाळीत लंगडीला गाठ व्हती."

"व्हती."

त्यानं वर बघितलं नाही. माळाकडं बघितलं. तिकडं काही दिसत नव्हतं, उन्हानं पिवळं पडलेलं गवत आणि त्यापलीकडं वनखात्याचं तारेचं कुंपण, एवढंच. 

"अवं, म्या काय म्हनती, त्या दिशी..."

"चिंगीचा कान म्या कापला व्हता," भानुदास म्हणाला.

ती बघत राहिली. त्या दिवशी हा माणूस बारामतीत खाटेवर होता, हे तिला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं.

"तुमी तर दवाखान्यात..."

"म्या कापला. माझ्या घरची खूण, माझं पातं. कुनी इचारलं तर ह्येच सांगायचं. सोमालाबी ह्येच सांगायचं. समजलं?"

"लोकं परत तुमच्याच नावानं खडं फोडत्याल."

"माझ्या नावाची त्यांना सवय हाय. तुझ्या नावाची कशाला लावायची?"

रंगूबाईला त्या दोन महिन्यांत रडू आलं नव्हतं, ते आता आलं. ती उभ्याउभ्या रडली. भानुदासनं तिला गप्प केलं नाही. त्याला स्वतःला खोकला आला आणि तो पाठ फिरवून वाकला, पण या वेळी तिनं खाली बघितलं नाही. खोकला थांबल्यावर त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"वस्तीतल्या शेळ्या बंद कराय पायजेत माळाला. आजच सांगाय पायजे," तो म्हणाला. "ऐकत्याल का न्हाय, कुनास ठाऊक. चारा कुठनं आनायचा म्हनत्याल. आन् जी हरनं राह्यल्यात, त्यातली किती आजारी हायत, त्ये तरी कुठं ठावं हाय."

"उद्या सांगा. अंगात त्रान न्हाय तुमच्या."

"उद्या बारामतीला जाऊ, मानसांच्या दवाखान्यात. समद्या गोळ्या पयल्यापासनं घ्याव्या लागत्याल आता." तो थांबला. "लागू पडल्या तर."

त्यानं बांध ओलांडला. दहा पावलं चालून तो तिच्यापर्यंत आला आणि तिच्या बाजूनं पुढं वस्तीच्या वाटेला लागला. वाटेत दोनदा त्याला बसावं लागलं. दुसऱ्यांदा बसला तेव्हा रंगूबाईनं हात दिला, आणि थोडं थांबून त्यानं तो धरला.

झुंबरच्या दारात पाचसहा माणसं बसली होती. भानुदासला येताना बघून दोघं उठून जरा लांब सरकले. भानुदास लांबच उभा राहिला. उपरणं तोंडावर घट्ट ओढून घेतलं आणि आवाज चढवला, सगळ्यांना ऐकू जावा एवढा.

"झुंबर, कागद आलाय पुन्याचा. टीबी नव्हता. शेळीच्या गाठीचा रोग हाय. चिंगीचा कान म्या कापला व्हता, गाठ फोडलेल्या पात्यानं. चूक माझीच हाय. आता तुमी समदी नीट ऐका, शेळ्यांचं काय करायचं त्ये सांगतो."

कुणीतरी जीभ चावली. झुंबरनं कागद मागितला. रंगूबाई भानुदासच्या मागं उभी होती. सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं, तिच्याकडं कुणी बघितलं नाही.